तपकिरी स्वेटर आणि लाल दिवा

सकाळचे सव्वासात वाजले होते आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांपेक्षा माणसं जास्त झाली होती. कोणी घरून खुर्ची आणली होती, कोणी सतरंजी. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर पुढची जागा धरायला साडेसहालाच छत्री ठेवून गेले होते. नदीवरून आलेलं धुकं अजून हटलं नव्हतं. लोक कुडकुडत होते, पण उठायला कोणी तयार नव्हतं.

सगळ्यांचे डोळे सहा नंबरच्या खांबाकडे. त्या खांबावर काय होतं? एक पांढरी पेटी. पेटीतून लोंबणारी जाड काळी केबल, आणि केबलच्या टोकाला मुठीत धरायची चार्जिंगची गन. शेजारी एक छोटी निळी गाडी. विजेवर चालणाऱ्या गाडीत वीज भरायचा चार्जर, बाकी काही नाही. असे चार्जर शहरात शेकड्यांनी आहेत. पण ह्या चार्जरमधून म्हणे गेलेला माणूस बोलत होता! गन गाडीत खोचली आणि हिरवा दिवा लागला तर होय, लाल लागला तर नाही.

"शांतता राखा!" दिवेस्वामी गरजले. हे नाव लोकांनी दिलेलं. अंगात पांढरी कफनी, मनगटावर तांब्याची कडी, एका हातात मंतरलेल्या पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात लाल कापडाची पुरचुंडी. "शरीर म्हणजे काय? वायरिंग! आत्मा म्हणजे काय? करंट! वायरिंग जळलं म्हणून करंट मरतो का हो?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"मग जातो कुठे?"

लोकांनी माना पुढे काढल्या.

"मेन लाइनला परत जातो! आणि तिथून माझ्याशी बोलतो!"

हेडमास्तरांनी टाळी वाजवली. ह्या गृहस्थांनी चौतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं होतं. काय शिकवलं असेल देव जाणे.

खांबाला टेकून, स्टुलावर ह्या गोष्टीतली आई बसली होती. तिचा नवरा गेला त्याला तीन महिने झाले होते आणि ही गाडी, हा चार्जर त्याचाच. चार्जरची गन आईच्या मांडीवर होती, एका तपकिरी स्वेटरात गुंडाळलेली. लहान बाळाला उघडावं तशी तिने ती हळूच उघडली आणि स्वामींच्या हाती दिली.

कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने हात जोडून विचारलं, "दुकान विकू का हो, काका?" स्वामींनी गनवर चार थेंब पाणी शिंपडलं, गन गाडीत खोचली. लाल दिवा. बेकरीवालीने डोळ्यांना पदर लावला. तिच्यामागच्या शिंप्याने विचारलं, मुलगा परत येईल का. स्वामींनी डोळे मिटले. "आत्म्याची जीभ थंडीने जड झालीये," म्हणाले, आणि ती लाल पुरचुंडी गनच्या तोंडाशी दाबून धरून पुटपुटत बसले. चांगली दहा मिनिटं. मग गन खोचली आणि हिरवा दिवा! शिंप्याने जमिनीवर डोकं टेकलं.

सगळ्यांच्या मागे, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ह्या आईची लेक उभी होती. लहानपणी तिने घरातला फ्यूज उडवला, तेव्हापासून बाप तिला 'ठिणगी' म्हणायचा. आता ती तिशीची होती आणि चार्जर दुरुस्त करण्याचंच काम करत होती. हो, हेच चार्जर! धुक्याच्या दिवसांत तिला रोज पाच-सहा फोन यायचे, "अहो, सकाळी गाडी चार्जच होत नाही, लाल दिवा येतो." आणि ती जाता-येता एकच उत्तर द्यायची, "ओल धरली असेल. पुसा, वाळू द्या, मी येतेच."

मग आपल्याच पार्किंगमधल्या ह्या तमाशाला ती तोंड शिवून का उभी होती? सांगतो. त्यातच सगळी गोम आहे.

बाप गेला त्या दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याच्या आवारातला चार्जर उघडून बसली होती. आईचा फोन आला, "यांच्या छातीत दुखतंय गं, येतेस का?" ती म्हणाली, "शेजारच्यांना घेऊन हॉस्पिटलला निघ तू, मी एवढं झाकण लावते आणि आलेच." झाकणाला आठ स्क्रू होते. आठही तिने नीट पिळले. ती पोचली तेव्हा बाप गेलेला होता.

ते आठ स्क्रू तिला नंतर जगू देईनात. जेवताना, गाडी चालवताना, लोकांशी बोलताना ती ते मोजत राहायची.

तीन आठवड्यांनी आईने, बापाच्या सवयीप्रमाणे, सकाळी सात वाजता गाडी चार्जिंगला लावली आणि लाल दिवा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. जिन्यात भेटलेल्या हेडमास्तरांना आईने सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, जीव अडकला असेल हो त्यांचा. माझ्या ओळखीचे एक स्वामी आहेत." झालं! त्याच आठवड्यात स्वामी हजर. आधी ते बॅटऱ्या आणि टॉर्च विकायचे, मग एका मॉलच्या पार्किंगमध्ये राखणदार होते. कोणता दिवा कधी लागतो आणि कधी विझतो, हे तिथे त्यांनी बघून ठेवलं असणार.

पहिल्या दिवशी ठिणगी चिडली होती. "आई, असलं काही नसतं." पण आई म्हणाली, "तू एकदा विचारून तर बघ." एका दुपारी, दोनच्या सुमाराला, पार्किंगमध्ये चिटपाखरू नसताना ती खांबापाशी गेली. आई आणि ती, दोघीच. गन हातात घेतली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मी उशिरा आले. मला माफ केलंत?"

हिरवा दिवा लागला.

ती तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, बाबा बोलले गं." त्या दिवसापासून स्क्रू मोजणं थांबलं. तिला झोप लागू लागली. आणि त्या दिवसापासून सहा नंबरच्या खांबाकडे तिने कारागिराच्या नजरेने बघणं सोडलं. तिला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! दुपारी ऊन खांबापर्यंत येतं, हेही कळत होतं. पण पेटी उघडली असती तर ती माफीही गेली असती. म्हणून तिने पेटी उघडली नाही.

पार्किंगमध्ये दरबार भरू लागला, भरो. लोकांना बरं वाटतं, वाटो. असं म्हणत दोन महिने गेले.

मग एका दुपारी, ती शिडीवर असताना फोन आला. डॉक्टरीणबाईंचा.

"तुमच्या आईंच्या फॉर्मवर तुमचा नंबर आहे म्हणून केला," बाई म्हणाल्या. "त्या आल्याच नाहीत पुन्हा. दोन महिने झाले. ऑपरेशनची तारीख दिली होती मी."

"कसलं ऑपरेशन?"

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? स्तनात गाठ आहे. तपासणीत चांगली निघालेली नाही. त्यांना घेऊन या. उद्याच या."

ठिणगी काम तसंच उघडं टाकून निघाली. ह्या वेळी एकही स्क्रू लावला नाही.

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. ठिणगीने पिशवीही खाली ठेवली नाही.

"आई, गाठ आहे तुला?"

आईने ताट बाजूला सरकवलं. "बाईंनी सांगितलं वाटतं. तुला कशाला उगाच घोर, म्हणून नाही बोलले."

"दोन महिने, आई!"

"अगं, मी विचारलं ना यांना. मनातल्या मनात विचारलं, ऑपरेशन करू का. तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाले. आणि स्वामींनी लेप दिलाय, तो लावते की मी रोज."

देणारच! आई हॉस्पिटलात गेली असती तर स्वामींचा दरबार कोणाच्या खांबावर भरला असता?

"आई, तो दिवा ओलीने लाल होतो. दिवसातून दहादा सांगते मी लोकांना."

आईने मान वर केली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मग तुझ्या वेळी हिरवा झाला तो कशाने?"

ठिणगीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"तेव्हा म्हणालीस, बाबा बोलले. मला आधी खरं वाटत नव्हतं हो. स्वामींचं काय, कोणीही उठतो आणि बोलतो. पण तू त्यातली जाणकार. तू म्हणालीस, म्हणून माझा विश्वास बसला." आईने पुन्हा ताट पुढे ओढलं. "तुझ्यापुरते बोलले आणि माझ्यापुरती ओल, असं कसं होईल?"

ठिणगी बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. इतके दिवस तिला वाटायचं आपण फक्त गप्प आहोत. स्वामींचा पहिला साक्षीदार आपणच, हे तिला आत्ता कळत होतं. आईला स्वामींनी फसवलं नव्हतं. तिने फसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धुकं, पुन्हा गर्दी. स्वामींनी बाटली उघडली तेवढ्यात ठिणगी गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"आज मी विचारणार."

"पोरी, चेष्टा केलीस तर आत्मा कोपेल," स्वामी म्हणाले.

"कोपू दे. माझाच बाप आहे."

लोक हसले. ठिणगी हसली नाही. तिने आईच्या मांडीवरून गन घेतली, गाडीत खोचली. लाल.

"बघा! तोंडातून प्रश्न निघायच्या आत नाही म्हणाले," स्वामींनी लोकांकडे हात फेकले.

ठिणगीने गन काढली. तिच्या तोंडाला कोरडा फडका लावला, एकेक भोक पुसलं, गाडीचं सॉकेट पुसलं. पिशवीतून हवेचा छोटा ब्लोअर काढला आणि हेडमास्तरांच्या हातात दिला. "धरा सर, ह्याच्या तोंडावर. दहा मिनिटं." हेडमास्तर बावचळले, पण चौतीस वर्षांची सवय, सांगितलेलं काम त्यांनी चोख केलं. दहा मिनिटांनी गन खोचली. हिरवा!

"मी अजून काही विचारलेलंच नाही," ठिणगी म्हणाली. "होय कशाला म्हणाले?"

"आशीर्वाद आहे तो!" स्वामी.

"बरं. मग विचारते." तिने स्वामींच्या हातातली बाटली घेतली, गन काढून त्यातलंच मंतरलेलं पाणी तिच्या तोंडात थेंब थेंब सोडलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, चारचौघांत खरं सांगा. तुमचं लग्न माझ्या आईशीच झालं होतं ना?"

तिने गन खोचली. खट्. लाल.

पार्किंगमध्ये हशा पिकला. शिंपी हसला, बेकरीवाली तोंडावर हात धरून हसली. स्टुलावर बसलेली आई तेवढी हसली नाही. ती त्या लाल दिव्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. ठिणगीला वाटलं, इथेच थांबावं. पण थांबायची वेळ दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती.

"ऐका आता," ती म्हणाली. "वीज सोडण्याआधी चार्जर आणि गाडी एकमेकांची खात्री करून घेतात. एक अगदी बारीक करंट जातो, सगळं ठीक आहे ना ते बघायला. मधे ओल असली की तो भलतीकडेच झिरपतो. चार्जरला कळतं, कुठेतरी गळती आहे, कोणाला शॉक बसेल. म्हणून तो मोठी वीज सोडतच नाही आणि लाल दिवा लावतो. तो नाही म्हणत नाही. तो सांगतो, सांभाळा."

मग तिने स्वामींच्या मुठीतली लाल पुरचुंडी ओढली आणि सोडली. आत मीठ होतं. अजून कोमट. "तव्यावर गरम करून आणता ना? मीठ ओल ओढतं, ऊब वाळवते. ज्याला होय हवं त्याला मीठ, ज्याला नाही हवं त्याला पाणी. एवढंच आहे तुमचं मेन लाइनचं कनेक्शन."

"यंत्र बिघडवलंस तू! आत्मा निघून गेला!" स्वामी ओरडले. पण ओरडता ओरडता ते बाटली कफनीत कोंबत होते आणि पाय फाटकाकडे वळले होते. काही लोक त्यांच्या मागे धावले. काही ठिणगीलाच शिव्या देत खुर्च्या उचलून गेले. शिंपी मात्र जागचा हलला नाही. "म्हणजे माझा मुलगा...?" त्याने विचारलं. ठिणगी म्हणाली, "मला माहीत नाही हो, काका. दिव्यालाही माहीत नाही." हेडमास्तर ब्लोअर हातात धरून खाली बघत उभे होते.

हळूहळू तेही गेले आणि दोघीच उरल्या.

"पण यांच्या वेळी कधी लाल आला नाही," आई म्हणाली. शेवटचा आधार चाचपावा तसं म्हणाली. "दोन पावसाळे काढले त्यांनी. कधी नाही आला."

ठिणगी तिच्यासमोर उकिडवी बसली. "गनला रबरी टोपण होतं, आई. बाबा रोज घट्ट लावायचे. ते कुठे आहे?"

"ते हरवलं गं. हे गेले त्याच गडबडीत कुठे पडलं. गनचं तोंड उघडंच राहायचं, गार पडायचं. म्हणून मी..." आई थांबली. तिने मांडीवरचा स्वेटर बघितला.

ठिणगीने स्वेटरची बाही हातात घेतली आणि पिळली. फरशीवर पाण्याची धार पडली. रात्रभर धुकं पिऊन लोकर जड झाली होती. रोज संध्याकाळी आई हा स्वेटर गनभोवती गुंडाळत होती आणि रोज सकाळी गन ओलीचिंब होत होती.

"यांना थंडी वाजेल, असं वाटायचं गं मला," आई म्हणाली. "यांच्या हाताची वस्तू. उघडी कशी टाकू?"

मग ती रडली. नवरा गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. तेव्हा निदान तो कुठेतरी आहे, असं वाटत होतं. आज तो दुसऱ्यांदा गेला, आणि ह्या वेळी लेकीने नेला.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "म्हणजे तुझा तो हिरवा?"

"दुपारचे दोन वाजले होते, आई. ऊन आलं होतं. गन वाळलेली होती."

"म्हणजे ते तुला काही म्हणालेच नाहीत."

"नाही."

ठिणगीने स्वतःच्या तोंडाने ते सांगितलं, आणि आठ स्क्रू परत आले.

त्याच दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. ऑपरेशन झालं. बाईंनी नंतर ठिणगीला बाजूला बोलावलं. "दोन महिन्यांपूर्वी..." एवढं म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. गिळलं नसतं तर बरं झालं असतं. आजार हाडांत गेला होता.

आई पुढे पाच महिने जगली. ठिणगीने कामाचे फोन दुसऱ्यांकडे वळवले आणि ती आईजवळ बसून राहिली. एका सकाळी तिचे केस विंचरताना तिच्या तोंडून गेलंच, "मीच उशीर केला, आई. तुझ्या वेळीही मीच."

आईने उशीवर मान तिच्याकडे वळवली. "माफी हवी होती तर दिव्याला कशाला विचारायला गेलीस?" ती म्हणाली. "मला विचारायचं. मी होते ना तिथे."

"तुला?"

"हे गेले तेव्हा मीच होते ना जवळ. मी तुला परत फोन लावत होते, तर ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तिला घाई करायला लावू नकोस, ती गाडी दामटत येईल. सावकाश येऊ दे तिला."

ठिणगीच्या हातातला कंगवा खाली पडला. "हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुझं इतकं समाधान झालं होतं त्या हिरव्या दिव्याने. म्हटलं, तुला उत्तर मिळालं ना, मग आता मी काय निराळं सांगू?"

खरं उत्तर घरातच होतं. रोज सकाळी तिच्यासमोर चहाचा कप ठेवत होतं, तिची वाट बघत जागं राहत होतं. आणि ही शहाणी, शिकलेली, हत्यारं बाळगणारी पोर एका दिव्याच्या तोंडाकडे बघत बसली होती! तिने आईच्या पोटाशी डोकं ठेवलं. आईने त्यावरून हात फिरवला. हात वजनाला काहीच उरला नव्हता.

आई गेली त्या क्षणी ठिणगी तिचा हात धरून बसलेली होती. एवढं तरी झालं.

तपकिरी स्वेटर धुऊन, कडक उन्हात वाळवून तिने कपाटात ठेवला आहे. गनला नवं टोपण आहे. तरीही एखाद्या ओल्या सकाळी कुणाच्या हातून ते सैल राहतं आणि लाल दिवा लागतो. तेव्हा ती क्षणभर उभी राहते. तिचे ओठ हलतात. मग ती खिशातून कोरडा फडका काढते आणि कामाला लागते.

सहा नंबरच्या खांबावर आता एक पाटी आहे. अक्षर हेडमास्तरांचं, त्यांनीच हट्टाने लिहून दिली. मजकूर ठिणगीचा आहे. तो असा:

"लाल दिवा लागला तर घाबरू नका. गन काढा, कोरड्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मगच पुन्हा लावा. टोपण न विसरता बसवा. कापड गुंडाळू नका, कितीही मायेचं असलं तरी. तरीही लाल आला तर पेटी स्वतः उघडू नका, कारागिराला बोलवा. ह्या दिव्याला फक्त ओल कळते. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारा. मनात काही सलत असेल तर घरातल्या माणसाला विचारा. जिवंत आहे तोवर विचारा."